पणजोबांच्या नावापासून खाली

गणपतीला चाकरमानी गावी आले की आरती-भजन आटपल्यावर ओटीवर एक कागद हमखास निघतो. सातबारा. मसुऱ्यात असो, आचऱ्यात असो की देवबागेत, दृश्य तेच. कुणीतरी आदल्या आठवड्यात उतारा काढून ठेवलेला असतो, आणि मुंबईहून आलेला पुतण्या नावांच्या लांब रांगेवरून बोट फिरवत विचारतो, "काकानू, ह्यात आमचा नाव खंय आसा?" काकांना उत्तर ठाऊक असतं. नाव आजोबांपाशी थांबलेलं आहे. पुढची वारस नोंद झालीच नाही.

मग दुसरा प्रश्न येतो, आणि तो पहिल्यापेक्षा पुष्कळ कठीण असतो. पणजोबांच्या नावापासून खाली आज या जमिनीत एकूण कोण कोण आहे? आमच्या घरची वंशावळ मी एकदा संगणकावर तक्त्यात भरायला बसलो, तेव्हा हा प्रश्न मला पहिल्यांदा नीट दिसला. आधी वाटलं, आपल्यालाच विचारता येत नाही. वाचत गेलो तसं कळलं, की माहितीसाठ्याला प्रश्न विचारण्याच्या भाषांच्या इतिहासात हाच प्रश्न मैलाचा दगड आहे. त्या भाषांचा पाया ज्या गणितावर उभा आहे त्या गणितात हा प्रश्न विचारताच येत नाही, आणि तसं सिद्ध झालेलं आहे.

सातबारा हा शब्द आपण एका दमात म्हणतो, पण ते दोन नमुने आहेत. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, जमीन कोणाची ते सांगणारा. गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. मालकी बदलली की बदल आधी नमुना सहामध्ये, फेरफार नोंदवहीत उतरतो, आणि मंजूर झाला की सातवर येतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे हक्क मिळालेल्या माणसानं तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं असतं. कलम १५० फेरफार नोंदवहीचं. जुनं नाव पुसत नाहीत, त्याला कंस करतात, आणि नव्या नावापाशी फेरफाराचा क्रमांक घालतात. त्यामुळे सातबारा वाचणारा जाणता माणूस नावं वाचत नाही, फेरफारांचे आकडे वाचतो. आकड्यावरून मागच्या फेरफाराकडे, तिथून त्याच्या मागच्याकडे. आणखी एक नमुना आहे, आठ-अ. सात हा जमिनीच्या अंगानं लिहिलेला: ही जमीन, हे तिचे खातेदार. आठ-अ खातेदाराच्या अंगानं: हा माणूस, या त्याच्या गावातल्या जमिनी. माहिती तीच, फक्त आतली बाजू बाहेर केलेली. हे उलटणं पुढे कामाला येणार आहे.

आता १९७० सालात जाऊ. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत एडगर कॉड यांनी एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की माहिती साध्या तक्त्यांत ठेवा. ओळी आणि रकाने, बस. कुठली नोंद कुठल्या नोंदीला कशी जोडली आहे ते दाखवणाऱ्या खुणा साठ्यात पेरू नका; जोडणी प्रश्न विचारताना करा. तक्त्यांवर करायच्या क्रिया थोड्याच: हव्या त्या ओळी निवडणं, हवे ते रकाने ठेवणं, दोन तक्ते एकत्र करणं, एकातून दुसरा वजा करणं, आणि एकाची प्रत्येक ओळ दुसऱ्याच्या प्रत्येक ओळीशेजारी मांडणं. या शेवटच्या क्रियेला निवड जोडली की दोन तक्त्यांची सांगड घालता येते. १९७२ मध्ये कॉड यांनी दाखवलं, की एवढ्या मूठभर क्रियांची ताकद तर्कशास्त्रातल्या प्रथम-क्रमाच्या भाषेइतकीच आहे: 'असा कोणी आहे की...', 'सगळ्यांसाठी खरं आहे की...' अशा वाक्यांनी जे विचारता येतं, ते सगळं या क्रियांनी काढता येतं. एका बाजूला काय हवं ते सांगणारी भाषा, दुसऱ्या बाजूला ते कसं काढायचं ते सांगणारी, आणि दोघी तंतोतंत तुल्यबळ. मला हा निष्कर्ष आजही फार सुंदर वाटतो. १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी याच पायावर जी भाषा रचली, तीच आजची एसक्यूएल.

तर माझा तक्ता. दोन रकाने: मयत आणि वारस. पणजोबांचे वारस काढायचे तर एक फेरी: 'मयत' रकान्यात पणजोबा असलेल्या ओळी निवडा. नातवंडं हवीत तर तक्त्याची त्याच तक्त्याशी एकदा सांगड घाला. पतवंडं हवीत तर दोनदा. प्रत्येक पिढीला एक सांगड जास्त. पण पिढ्या किती, ते प्रश्न लिहिण्याआधी ठरवावं लागतं. एका घराण्यात चार असतील, शेजारच्यात सहा. चार पिढ्यांसाठी लिहिलेला प्रश्न शेजाऱ्यांकडे पाचव्या पिढीला गप्प बसतो, आणि आपण काही गाळलं हे सांगतसुद्धा नाही. मला हवा आहे 'कितीही पिढ्या'. कॉडच्या क्रियांत 'कितीही' हा शब्दच नाही.

आल्फ्रेड अहो आणि जेफ्री उलमन यांनी १९७९ मध्ये सिद्ध केलं की त्या क्रिया कशाही जुळवल्या तरी हा शब्द त्यांतून घडवता येणार नाही. त्यामागचं मर्म पुढे १९८२ मध्ये हाइम गाइफमन यांनी तर्कशास्त्राच्या अंगानं उलगडलं, आणि ते समजायला मालवणच्या समोरच्या किल्ल्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडत नाही. सिंधुदुर्गाचा तट कुरटे बेटाच्या कडेकडेनं वळणं घेत जातो. समजा तटावरच्या प्रत्येक पहारेकऱ्याला आपल्या डावी-उजवीकडचे दहाच बुरूज दिसतात, आणि सगळे बुरूज अगदी सारखे आहेत. आता एका बेटावर हजार बुरुजांचा एकच कोट आहे, आणि दुसरीकडे पाचशे-पाचशे बुरुजांचे दोन वेगळे कोट. कुठल्याही पहारेकऱ्याला विचारा. दोन्हीकडे तो एकच सांगणार: दहा इकडे, दहा तिकडे. सगळ्यांच्या साक्षी गोळा केल्या, मोजल्या, तरी दोन्हीकडच्या साक्षी हुबेहूब सारख्या. मग 'या बुरुजावरून तटावरून चालत त्या बुरुजापर्यंत पोचता येईल का' याचं उत्तर या साक्षींतून निघणार कसं? प्रथम-क्रमाचा प्रत्येक प्रश्न असा ठरावीक नजरेचा पहारेकरी असतो. प्रश्न लांब लिहिला तर नजर दहाची शंभर होते, पण कुठेतरी थांबतेच, आणि त्याहून मोठा कोट बांधणं आपल्या हातात असतं. फेरफारांची साखळी हाच तो तट. कुठल्या नावापासून कुठल्या नावापर्यंत पोचता येतं, एवढंच तर वारस तपासात विचारायचं असतं.

यावरचा उपाय दिसायला अगदी साधा आहे. दोन नियम लिहा. क हा ख चा वारस असेल, तर क हा ख चा वंशज. क हा ख चा वारस असेल आणि ख हा ग चा वंशज असेल, तर क हा ग चा वंशज. दुसऱ्या नियमात 'वंशज' हा शब्द स्वतःच्याच व्याख्येत आला आहे, आणि सगळी ताकद तिथेच आहे. यंत्र हे नियम पुन्हा पुन्हा लावतं, दर फेरीला नवी नावं मिळतात, आणि ज्या फेरीत एकही नवं नाव मिळत नाही तिथे थांबतं. गावातले म्हातारे वंशावळ सांगताना नेमकं हेच करतात. अशा नियमांच्या भाषेला डेटालॉग म्हणतात. १९८० च्या दशकात तिच्यावर जगभर काम झालं. विस्कॉन्सिन विद्यापीठात उभ्या राहिलेल्या 'कोरल' या प्रणालीच्या कर्त्यांपैकी एस. सुदर्शन पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले. माहितीसाठ्यांवरच्या ज्या पाठ्यपुस्तकावर आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या पिढ्या शिकल्या, त्याचे ते सहलेखक. खुद्द एसक्यूएलच्या प्रमाणित रूपात अशी पुनरावृत्ती १९९९ मध्ये आली. म्हणजे चेंबरलिन-बॉइस यांच्यानंतर पंचवीस वर्षांनी प्रमाण एसक्यूएलला पणजोबांपासून कितीही खाली उतरता येऊ लागलं.

याच सुमारास दुसरीकडे भाषांचं एक वेगळंच घराणं वाढत होतं. तक्ते त्याचा विषय नव्हते. त्याचा विषय होता दस्तऐवज. १९९८ च्या फेब्रुवारीत एक्सएमएल ही खुणांची पद्धत प्रमाण झाली, आणि १९९९ च्या नोव्हेंबरात, जेम्स क्लार्क यांच्या संपादनाखाली, एक्सएसएलटी ही दस्तऐवजाचं रूप पालटणारी भाषा. दस्तऐवज म्हणजे झाड, हे तिचं गृहीतक. गावाच्या आत सर्व्हे नंबर, त्याच्या आत हिस्से, हिश्श्याच्या आत खातेदार, इतर हक्क, भातशेती किती, वरकस किती, पोटखराबा किती. ही भाषा 'कोणत्या ओळी हव्यात' असं विचारत नाही. ती साचे ठेवते. खातेदार समोर आला तर नाव असं छाप. कमी केलेलं नाव आलं तर कंसात छाप. हिस्सा आला तर त्याची चौकट काढ, आणि मग आत जे काही असेल त्याला त्याचा त्याचा साचा लाव. शेवटचा हा हुकूम महत्त्वाचा. साचा आपल्या पोटातल्या गोष्टींना पुन्हा साच्यांच्या हवाली करतो, त्या त्यांच्या पोटातल्यांना. वंशावळ जर अशी लिहिली असेल, की पणजोबांच्या आत मुलं, मुलांच्या आत नातवंडं, नातवंडांच्या आत पतवंडं, तर चार ओळींचा एक साचा चार पिढ्यांची वंशावळ छापतो आणि चौदा पिढ्यांचीही. जो शब्द एसक्यूएलला पंचवीस वर्षं नव्हता, तो हिच्या पहिल्या श्वासात आहे.

मग ही भाषा वरचढ? इथे आठ-अ आठवायचा. सातबाऱ्यांचा सगळा गठ्ठा झाडाच्या रूपात समोर आहे आणि मला खातेदारनिहाय यादी हवी आहे. एसक्यूएलमध्ये हे एका ओळीचं काम: नावानुसार गट कर, क्षेत्रांची बेरीज घे. तक्त्याला आत-बाहेर नसतंच, त्यामुळे उलटायला कष्ट नाहीत. झाडाला मात्र एकच बाजू असते. जमिनीच्या पोटात माणसं आहेत. माणसांच्या पोटात जमिनी हव्या असतील तर प्रत्येक नावापाशी थांबून विचारावं लागतं, हे नाव आधी येऊन गेलं का? एक्सएसएलटीच्या पहिल्या आवृत्तीत गट करण्याची सोयच नव्हती. ओरॅकलमधल्या स्टीव्ह म्यूंक यांनी अनुक्रमणिकेचा वापर करून 'हे नाव पहिल्यांदाच येतं आहे का' ते पटकन ओळखायची युक्ती काढली, आणि ती त्यांच्या नावानंच ओळखली जाऊ लागली. भाषेत गट करायची सरळ आज्ञा आली ती २००७ च्या दुसऱ्या आवृत्तीत. त्याच दिवशी एक्सक्वेरी ही झाडांना प्रश्न विचारणारी भाषाही प्रमाण झाली.

झाडाची दुसरी अडचण आपल्या घरांतच आहे. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. आता एकाच माणसाला वडिलांकडून हिस्सा येतो आणि आईमार्फत आजोळचाही. दोन्ही घराणी एकाच कागदावर काढा, म्हणजे तो दोन फांद्यांवर दिसेल. झाडाच्या भाषेत एक तर त्याला दोनदा लिहायचं, किंवा एकीकडे लिहून दुसरीकडे फक्त 'तोच तो' अशी खूण ठेवायची. खूण ठेवली की झाडाचं जाळं झालं, आणि साच्यांचं ते सहज उतरणं संपलं. तक्त्याला याचं काहीच वाटत नाही. त्याच्या दृष्टीनं आणखी एक ओळ.

ताकद या शब्दाचा अर्थ इथे नीट धरायला हवा. काय काय काढता येतं एवढंच मोजायचं, तर आज ही तुलना संपल्यात जमा आहे. एक्सएसएलटी आणि एक्सक्वेरी संगणकाला करता येईल असं कुठलंही गणन करू शकतात, याची सोपी सिद्धता स्टेफान केप्सर यांनी २००४ मध्ये दिली, आणि पुनरावृत्ती व आकडेमोड यांच्या जोरावर एसक्यूएलही तिथपर्यंत पोचते. पण सगळं करू शकणाऱ्या भाषेबद्दल आधी काहीच सांगता येत नाही, उत्तर येऊन यंत्र थांबेल की नाही हेसुद्धा. म्हणून मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की भाषेनं किती ताकद खर्च केल्यावर प्रश्न विचारता आला आणि बदल्यात कोणता शब्द पाळायचं सोडलं.

उदाहरण हस्तांतराचं घेऊ. क नं जमीन ख ला विकली, पुढे दिवस बरे आले आणि क नं तीच परत विकत घेतली. देणारा-घेणारा असा तक्ता केला तर साखळी फिरून क वर येते. डेटालॉगच्या नियमांना याची भीती नाही. नावं मोजकी आहेत, नियम नवं नाव निर्माण करत नाहीत, मिळालेलं नाव पुन्हा मिळालं तर मोजलं जात नाही. कधी ना कधी फेरी रिकामी जाणारच. ही हमी भाषेच्या दुबळेपणातून आली आहे. आता मी तिला हिस्सा काढायला सांगतो. जुन्या कागदांत हिस्से आण्या-पैंत लिहिलेले सापडतात, आणि ती पद्धत समजायला छान आहे: पूर्ण जमीन सोळा आणे, एका आण्याचे बारा पै. पणजोबांचे चार वारस, प्रत्येकी चार आणे. त्यांतल्या एकाचे तीन, प्रत्येकी एक आणा चार पै. त्यांतल्या एकाचे चार, प्रत्येकी चार पै. एकशे ब्याण्णव पैंतले चार, म्हणजे अठ्ठेचाळिसावा हिस्सा. सरळ वंशावळीत हे ठीक चालतं, कारण पिढ्या संपतात. पण तक्त्यात वर्तुळ असेल, त्या वर्तुळात कुठे हिस्सा निम्मा होत असेल, आणि हेच चालवलं, तर दर फेरीला नवा आकडा जन्मतो, अर्धा, पाव, अर्धपाव, आणि 'हे आधी आलं आहे' असं यंत्राला कधीच म्हणता येत नाही. नाव जुनं, पण आकडा नवा, म्हणून ओळ नवी. नुसती नावं काढताना जे थांबत होतं, ते एका भागाकाराच्या रकान्यानं चालूच राहतं.

थांबण्याच्या हमीखेरीज दुबळ्या भाषेत आणखी एक सोय असते. अशोक चंद्रा हे आयआयटी कानपूरचे विद्यार्थी, पुढे आयबीएममध्ये गेलेले. त्यांनी आणि फिलिप मर्लिन यांनी १९७७ मध्ये दाखवलं, की निवड, रकाने आणि सांगड एवढ्याच क्रियांनी लिहिलेले दोन प्रश्न एकच आहेत का, हे यंत्र ठरवू शकतं. कष्ट पडतात, पण ठरतं. पुनरावृत्ती आली की तीही सोय जाते: दोन डेटालॉग नियमावल्या नेहमी सारखंच उत्तर देतील का, हे सगळ्या बाबतींत ठरवणारी कुठलीच रीत असू शकत नाही. आणि ही सोय निव्वळ पंडितांची नाही. आपण लिहिलेला प्रश्न माहितीसाठा जसाच्या तसा चालवत नाही. त्याच अर्थाचा पण लवकर होणारा दुसरा प्रश्न शोधून तो चालवतो. सगळ्या जिल्ह्याची सांगड घालून मग मालवण तालुका निवडण्याऐवजी आधी मालवण निवडतो. अर्थ बदलला नाही याची खात्री असल्याशिवाय हे करता येत नाही.

दस्तऐवजांच्या बाजूला अशीच एक हमी शोधली गेली. साच्यांतून निघणारा उतारा नेहमीच नमुन्यात बसेल का, हे एकही उतारा न छापता आधी सांगता येईल? टोवा मिलो, डॅन सुचू आणि व्हिक्टर व्हियानू यांनी २००० मध्ये दाखवलं, की झाडांवरच्या रूपांतरांच्या बऱ्याच मोठ्या वर्गासाठी हे ठरवता येतं. पण त्यात आतल्या मजकुराची तुलना आली, म्हणजे 'या दोन ठिकाणचं नाव एकच आहे का' असं विचारायची मुभा दिली, की हमी निसटते. म्हणजे आठ-अ काढताना जो प्रश्न विचारावाच लागतो, नेमका तोच महाग पडतो.

दोन घराण्यांत एक फरक मात्र कुठल्याही नव्या आवृत्तीनं मिटत नाही. तक्त्यात पहिली ओळ नसते. ओळींना क्रम नाही, हे कॉड यांनी मुद्दामच ठेवलं. दस्तऐवजात पहिलं, दुसरं, शेवटचं असतंच. नील इमरमन आणि मोशे वार्दी यांनी १९८२ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, दाखवलं की माहितीला क्रम असेल, तर नकार आणि पुनरावृत्ती असलेली प्रश्नांची भाषा व्यवहारात सुटण्याजोगे मानले जाणारे सगळे प्रश्न, म्हणजे माहितीच्या आकाराच्या एखाद्या ठरावीक घाताच्या वेळात सुटणारे, अचूक पकडते. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. क्रम काढून घ्या, आणि तीच भाषा 'वारसांची संख्या सम आहे की विषम' एवढंही सांगू शकत नाही. क्रमाचा आधार न घेता तेच सगळे प्रश्न पकडणारी भाषा असू शकते का, हा प्रश्न चंद्रा आणि डेव्हिड हॅरेल यांच्या त्याच काळातल्या कामातून पुढे आला. तो अजून सुटलेला नाही.

आमच्या घरच्या वंशावळीच्या कागदावर थोरला नेहमी डावीकडे आहे. तक्त्यात भरताना त्यासाठी मला 'क्रम' नावाचा एक वेगळा रकाना काढावा लागला.